हिरव्या भरतीचा माग

पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकातून सुटलेली वेगवान गाडी दोन तासांहून थोड्या अधिक वेळात सँ-ब्रियोला पोचते. फ्रान्सच्या पश्चिम टोकाला अटलांटिकमध्ये घुसलेल्या ब्रिटनी या द्वीपकल्पाच्या उत्तर किनाऱ्यावरचं हे शहर. त्याच्या पायाशी असलेला उपसागर भरती-ओहोटीसाठी प्रसिद्ध आहे. मुंबईत पाच मीटरची भरती आली की वर्तमानपत्रांत सावधगिरीच्या सूचना येतात. इथे मोठ्या उधाणाला पाण्याची पातळी बारा मीटरच्या आसपास वर-खाली होते आणि ओहोटीला समुद्र काही किलोमीटर मागे सरकतो. उघड्या पडलेल्या वाळू-चिखलात किडे, शिंपले आणि कालवं यांची एवढी रेलचेल असते की हिवाळ्यात आर्क्टिककडून येणारे पक्षी इथे हजारोंनी उतरतात. १९९८ पासून या उपसागराचा आतला भाग राखीव निसर्गक्षेत्र आहे. उन्हाळ्यात मात्र याच किनाऱ्यावर इलियोंसारख्या गावांच्या पुळणींवर प्रवेशबंदीचे फलक लागलेले दिसू शकतात. २०१९ च्या जुलैत तर या उपसागरातले अनेक किनारे एकाच वेळी बंद करावे लागले होते. धोका लाटांचा नव्हता, शार्कचाही नव्हता. किनाऱ्यावर येऊन पडलेलं शेवाळ कुजत होतं, आणि कुजताना त्यातून निघणारा वायू माणूस मारू शकतो.

या शेवाळाचं नाव उल्वा. ओहोटीच्या वेळी कोकणातल्या कातळांवर जी पातळ, चमकदार हिरवी पाती चिकटलेली दिसतात, ती याच कुळातली. एक पात बोटांत धरून उजेडासमोर नेली तर पलीकडची बोटं दिसतात, कारण तिची जाडी जेमतेम दोन पेशींची असते. मूळ नाही, खोड नाही, लाकूड नाही. झाडाला जे आधार उभारण्यात खर्च करावं लागतं ते उल्वा सगळं पसरण्यात घालते; पृष्ठभागाचा प्रत्येक कण पाण्यातलं पोषण शोषतो आणि ऊनही पितो. म्हणून नायट्रोजन मुबलक मिळाला, पाणी उथळ व नितळ असलं आणि एप्रिलनंतरचा लांब दिवस लाभला की तिचं वजन काही दिवसांत दुप्पट होतं. ब्रिटनीतली उल्वा खडकावरून सुटून पाण्यात तरंगतच वाढत राहते, हे आणखी एक वैशिष्ट्य. लाटा तिला किनाऱ्याकडे ढकलतात, ओहोटी उचलून नेते, पुन्हा भरती आणून टाकते. ज्या उपसागरांत पाणी आतल्या आत फिरत राहतं आणि बाहेरच्या समुद्राशी फारसं मिसळत नाही, तिथेच हा साठा अडकतो; यालाच ‘हिरवी भरती’ म्हणतात. ब्रिटनीचा किनारा विलक्षण लांब आणि दातेरी आहे, पण सरकारने हिरव्या भरतीसाठी जे मुख्य उपसागर निश्चित केले ते फक्त आठ आहेत: पूर्वेला फ्रेने आणि सँ-ब्रियोपासून लानियों, लोकिरेक, गिसेनी करत पश्चिमेला दुआर्नने आणि दक्षिणेला कॉंकार्नोपर्यंत. या भूगोलामुळे एक गैरसमज सहज होतो. सगळीकडे नाही, काही ठिकाणीच आहे, म्हणजे दोष त्या जागेचा असणार, असं वाटू लागतं. जागा हे शेवाळ अडकवते, हे खरं. पण त्याला खाऊ घालणारं दुसरीकडे आहे. या मजकुरातलं माझं सगळं म्हणणं त्या ‘दुसरीकडे’बद्दल आहे. हिरव्या भरतीचा हिशेब समुद्रकिनाऱ्यावर मांडला तर तो कायम चुकतो. किनाऱ्याकडे पाठ करून ओढ्याच्या उगमाकडे चालत गेलं तरच तो जुळतो.

आधी किनाऱ्यावर काय घडतं ते नीट पाहायला हवं, कारण ‘थोडा वास येतो, पर्यटक कमी होतात’ असं म्हणून या प्रश्नाला हलकं केलं जातं. साचलेल्या उल्वाच्या थराचा वरचा भाग उन्हाने वाळतो आणि पांढुरका, कागदासारखा होतो. त्याखाली हवा पोचत नाही. तिथे काळा चिखल होतो आणि हायड्रोजन सल्फाइड साचत जातो. वरची साय शाबूत असेपर्यंत वायू आत कोंडलेला असतो. पाय पडला, चाक गेलं की साय फुटते आणि तो एकदम बाहेर येतो. कमी प्रमाणात त्याला सडक्या अंड्यांचा वास असतो, पण प्रमाण वाढलं की नाकाची संवेदनाच बधिर होते, म्हणजे धोका सर्वांत मोठा असतो तेव्हा इशारा मिळत नाही. २००९ च्या जुलैत लानियोंजवळच्या सँ-मिशेल-आँ-ग्रेवच्या पुळणीवर एक घोडा काही क्षणांत मेला. त्याचा स्वार बेशुद्ध पडला आणि जवळच्या माणसांनी ओढून बाहेर काढल्यामुळे वाचला. त्यानंतर तिथे केलेल्या मोजणीत हवेच्या दशलक्ष भागांमागे हजार भागांपर्यंत हा वायू सापडला. एवढ्या प्रमाणात मरण येण्यास मिनिटंही लागत नाहीत. त्याच महिन्यात किनाऱ्यावरून शेवाळ वाहून नेणारा एक ट्रकचालक बिनिकमध्ये मरण पावला होता. त्याचा मृत्यू कामावरचा अपघात आहे, हे मान्य व्हायला २०१८ साल उजाडलं. २०११ मध्ये गुएसाँ नदीच्या मुखाशी ३६ रानडुकरं मेलेली सापडली. २०१६ मध्ये त्याच मुखाशी धावायला गेलेला एक माणूस गेला, आणि त्याच्या मृत्यूची ६० टक्के जबाबदारी सरकारची आहे असा निकाल नांतच्या प्रशासकीय अपील न्यायालयाने २०२५ च्या जूनमध्ये दिला. या प्रत्येक घटनेत पहिली सरकारी प्रतिक्रिया संशयाची होती: हृदय कमजोर असेल, दुसरं काही कारण असेल. मृताच्या घरच्यांना, स्थानिक डॉक्टरांना आणि संघटनांना पुरावा गोळा करत वर्षानुवर्षं झगडावं लागलं. पत्रकार इनेस लेरो हिने या सगळ्याची कहाणी २०१९ मध्ये एका चित्रकथेच्या पुस्तकातून मांडली, आणि पुढे त्यावर चित्रपटही आला, तेव्हा ती उरलेल्या फ्रान्सच्या घराघरांत पोचली.

समुद्रातल्या जीवांचं नुकसान यापेक्षा शांतपणे होतं. दाट उल्वाखाली वाळूत प्रकाश आणि प्राणवायू दोन्ही कमी पडतात; वाळूत राहणारे किडे आणि शिंपले गुदमरतात. उथळ वालुकामय उपसागर हे सोलसारख्या चपट्या माशांच्या पिलांचं पाळणाघर असतं, आणि हिरव्या भरतीच्या जागी या पिलांची संख्या घटलेली संशोधकांना आढळली आहे. पुढे खोल समुद्रात पकडला जाणारा मासा इथे लहान असतानाच गमावला जातो, आणि हा तोटा कुठल्याच वहीत लिहिला जात नाही. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. हिवाळ्यात येणारे ब्रेंट जातीचे कलहंस उल्वा आवडीने खातात. म्हणजे हे शेवाळ स्वतः विष नव्हे. मापात असलं तर ते अन्न आहे, आसरा आहे, उपसागराचा नेहमीचा रहिवासी आहे. बिघाड त्याच्या असण्यात नसून बेसुमार असण्यात आहे.

उन्हाळाभर ट्रॅक्टर आणि लोडर पुळणीवर फिरून हे शेवाळ उचलतात. ते कुजायच्या आत, एक-दोन दिवसांत उचललं तरच उपयोग. आणि ट्रॅक्टर वाळूवर चालतो, खाडीमुखाच्या चिखलात रुततो. म्हणजे जिथे सर्वांत घातक थर साचतात तिथेच यंत्र पोचत नाही. शेवाळाबरोबर टनावारी वाळूही जाते आणि किनारा झिजतो. यावर पैसा नगरपालिका आणि सरकार खर्च करतं, म्हणजे कर भरणारा माणूस करतो. शिवाय हॉटेलवाला, घर विकू न शकणारा म्हातारा मालक आणि शिंपले पाळणारा हे आपापला तोटा मुकाट सोसतात. २००९ मध्ये घोडा मेल्यावर पंतप्रधान फ्रान्स्वा फियों यांनी सँ-मिशेलला भेट दिली आणि सफाईची जबाबदारी सरकार घेईल असं सांगितलं. ते आवश्यकच होतं, पण उचलून उचलून हिरवी भरती संपलेली नाही आणि संपणारही नाही. ओढ्यातून नायट्रेट येत राहिलं की आज साफ केलेल्या पुळणीवर पुढच्या आठवड्यात नवा थर असतो.

म्हणून आता पुळणीकडे पाठ करायची. सँ-मिशेलच्या या पुळणीला ‘ल्यो द ग्रेव’ म्हणतात, साधारण चार किलोमीटर लांबीची ही वाळू. तिला मिळणाऱ्या यार आणि रोस्कोआ यांसारख्या लहान नद्या मिळून सुमारे १२० चौरस किलोमीटरचं पाणलोट क्षेत्र होतं, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याचा छोटासा कोपरा. यारच्या काठाने वर गेलं तर आधी दाट झाडी लागते, मग टेकड्या, गाईंचे गोठे, मक्याची शेतं. डोळ्यांना सगळं हिरवं, ओलं, निरोगी दिसतं. पाणी नितळ असतं, कारण नायट्रेटला रंग नाही, वास नाही. काही ठिकाणी अजून शेतांच्या मधले मातीचे उंच बांध आणि त्यांवरच्या झाडांच्या ओळी शिल्लक आहेत. पूर्वी सगळी ब्रिटनी अशा बांधांनी विणलेली होती. १९६० नंतर शेतं एकत्र करण्याच्या सरकारी मोहिमेत हे बांध बुलडोझरने सपाट झाले. पावसाचं पाणी अडवून त्यातला नायट्रोजन मुळांशी थांबवणारी यंत्रणाच निघून गेली. आणि त्याच काळात नायट्रोजनचा ओघ वाढला. आज फ्रान्सच्या सुमारे सहा टक्के शेतजमिनीवर ब्रिटनी देशातली निम्म्याहून अधिक डुकरं पाळते. इथे माणसांच्या दुप्पट डुकरं आहेत. एवढ्या जनावरांचा चारा इथल्या मातीत पिकत नाही. ब्राझीलसारख्या देशांतून सोयाबीनची पेंड जहाजांनी लोरियाँ आणि ब्रेस्टच्या बंदरांत उतरते. पेंडीतल्या नायट्रोजनचा काही भाग मांस होऊन पॅरिसला आणि परदेशी जातो. उरलेला पातळ मलमूत्र होऊन शेतांवर पसरला जातो, त्यावर रासायनिक खताची भर पडते. पिकाला जेवढं झेपत नाही तेवढं पावसाबरोबर ओढ्यात उतरतं आणि उपसागराच्या तोंडाशी उल्वाच्या दोन पेशींच्या पातीत पुन्हा हिरवं होतं.

यावर पहिला आक्षेप शास्त्राच्या नावाने घेतला जातो: दोष नायट्रेटचा नाही, फॉस्फरसचा आहे, आणि फॉस्फरस शहरांच्या सांडपाण्यातून येतो, म्हणून शेतकऱ्याला कशाला धरता? हा आक्षेप तळ्यांच्या बाबतीत बरोबर ठरला असता. गोड्या पाण्यात शेवाळाला बहुधा फॉस्फरसचाच लगाम असतो. पण किनाऱ्यालगतच्या समुद्रात तळाच्या गाळात फॉस्फरसचा जुना साठा असतो आणि उन्हाळ्यात तो पाण्यात सुटत राहतो. तो बाहेरून येणं थांबवलं तरी उल्वाला कमी पडत नाही. फ्रान्सच्या सागरसंशोधन संस्थेतले, म्हणजे इफ्रेमेरमधले, आलँ मेनेस्गें यांनी उपसागरांची गणिती प्रतिरूपं रचून दाखवलं की उन्हाळ्यात वाढ रोखू शकेल असा लगाम नायट्रोजनचाच उरतो. पर्यावरण आणि कृषी या दोन्ही मंत्रालयांनी मिळून बेर्नार शेव्हास्सु-ओ-लुई यांच्या नेतृत्वाखाली केलेल्या २०१२ च्या पडताळणीनेही तेच सांगितलं. आणि या नद्यांतल्या नायट्रेटपैकी ९० टक्क्यांहून अधिक शेतीतून येतं, हे फ्रान्सच्या लेखापरीक्षण न्यायालयाने, म्हणजे आपल्याकडच्या कॅगसारख्या संस्थेने, २०२१ च्या अहवालात नोंदवलं आहे. यानंतरही वाद चालूच असल्याचं चित्र उभं करणं म्हणजे केवळ वेळ काढणं.

दुसरा आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो समजून घ्यायला पश्चिमेला रोस्कॉफपर्यंत जायला हवं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्रिटनी गरीब होती. लहान जमिनी, मोठी कुटुंबं, आणि मोंपार्नास स्थानकात उतरून पॅरिसमध्ये मिळेल ते काम धरणारी तरुण पोरं. १९६१ मध्ये भाज्यांचे भाव कोसळले तेव्हा अलेक्सी गुर्व्हेनेक या तरुण शेतकऱ्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी मोर्लेतलं सरकारी कार्यालय ताब्यात घेतलं. त्या चळवळीतून सहकारी बाजारव्यवस्था उभी राहिली, रोस्कॉफला खोल पाण्याचं बंदर मिळालं, आणि फ्लॉवर-आर्टिचोक थेट इंग्लंडला नेण्यासाठी शेतकऱ्यांनी स्वतःची जहाज कंपनी काढली. १९७३ च्या जानेवारीत तिचं पहिलं जहाज प्लिमथला गेलं. महाराष्ट्रात साखर कारखान्यांच्या आणि दूध संघांच्या सावलीत वाढलेल्या वाचकाला या कथेतला अभिमान वेगळा समजावून सांगायला नको. सघन पशुपालन याच उभारीचा भाग होतं. सरकारने सांगितलं म्हणून शेतकऱ्याने कर्ज काढलं, बांध पाडले, गोठे वाढवले. त्याच माणसाला आता गुन्हेगार ठरवणं अन्याय आहे, आणि शेती आवळली तर कत्तलखाने, चारा कारखाने, वाहतूक यांतल्या हजारो नोकऱ्या जातील ही भीतीही खोटी नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की हा युक्तिवाद हिशेबाची एकच बाजू वाचतो. स्वस्त डुकराच्या मांसाच्या भावात सँ-ब्रियोच्या पुळणीची सफाई धरलेली नाही, घटलेले सोल धरलेले नाहीत, ट्रकचालकाचा जीव धरलेला नाही. तो खर्च झालाच. फक्त ज्यांनी नफा घेतला त्यांनी तो दिला नाही. आणि त्या नफ्यातही कर्जाखाली दबलेल्या शेतकऱ्याचा वाटा सर्वांत लहान आहे.

शेवाळाचा उद्योग करा, असंही सुचवलं जातं. ब्रिटनीत हे सुचणं स्वाभाविक आहे. ब्रिटनीच्या पश्चिम टोकाच्या फिनिस्तेर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर लानिल्दु हे युरोपातलं सर्वांत मोठं शेवाळ-बंदर आहे. तिथल्या होड्या फिरत्या लोखंडी आकड्याने समुद्रतळावरचं लॅमिनारिया पिळून वर काढतात आणि त्यापासून आइस्क्रीमपासून औषधांपर्यंत सगळीकडे लागणारं अल्जिनेट बनतं. त्याआधी कित्येक पिढ्यांनी शेवाळ जाळून सोडा आणि आयोडीन काढलं, शेताला खत म्हणून घातलं. पण लॅमिनारिया खडकावर वाढतं, ठरलेल्या हंगामात, परवान्याने आणि मोजून काढलं जातं. पुळणीवरच्या उल्वामध्ये वाळू असते, बरंचसं पाणीच असतं, गंधक असतो, आणि ती कधी किती येईल हे वाऱ्या-पावसावर ठरतं. तिचं थोडंफार खत होतं, काही पदार्थही बनतात. मात्र जो कारखाना हिरव्या भरतीवर चालेल त्याला हिरवी भरती दरवर्षी हवी असेल, आणि समुद्र निरोगी होण्यात कोणाचा तरी तोटा आहे अशी अवस्था मुद्दाम निर्माण करणं मला शहाणपणाचं वाटत नाही.

हवामानबदलाकडे बोट दाखवणाऱ्यांना जगभरची उदाहरणं हाताशी आहेत. २००८ च्या ऑलिंपिकमधल्या शिडाच्या होड्यांच्या शर्यतींआधी चीनच्या चिंगदाओचा समुद्र उल्वानेच भरून गेला होता. २०११ पासून फ्रान्सच्याच ताब्यातल्या मार्टिनिक आणि ग्वादलुपवर तपकिरी सर्गॅसम येऊन सडतं आहे. ऊब वाढल्याने हे सोपं होतं, यात वाद नाही. पण चिंगदाओच्या उल्वाचा माग काढला तेव्हा तो दक्षिणेला जियांगसूच्या किनाऱ्यावर, नोरी शेवाळाच्या लागवडीच्या तराफ्यांपर्यंत गेला. ठिकाण बदललं तरी माग काढता येतो, हेच त्यातून दिसतं.

‘नायट्रेट कमी होतंय ना?’ हा शेवटचा आणि सर्वांत समाधान देणारा प्रश्न. होय. १९९० च्या दशकात ब्रिटनीच्या नद्यांत सरासरी नायट्रेट लिटरमागे ५० मिलिग्रॅमच्याही वर गेलं होतं, म्हणजे पिण्याच्या पाण्याची युरोपीय मर्यादा ओलांडून. २००१ मध्ये युरोपीय न्यायालयाने त्याबद्दल फ्रान्सला दोषीही ठरवलं. आता ते तिशीच्या वर घुटमळतं आहे. ही घट शेतकऱ्यांनीच घडवली आणि तिचं श्रेय त्यांना द्यायला हवं. पण उल्वाला पिण्याच्या पाण्याची मर्यादा ठाऊक नसते. तिची वाढ खरोखर आवळायची तर बऱ्याच उपसागरांत दहाच्या आसपास उतरावं लागेल. भूजलात मुरलेलं नायट्रेट ओढ्यात यायला दहा-दहा वर्षं लागतात, म्हणून आजच्या ओढ्यात कालची शेती वाहते. त्यात गेल्या दहा-बारा वर्षांत घट जवळपास थांबली आहे. २०१० मध्ये सुरू झालेल्या सरकारी योजनेची उद्दिष्टं धूसर आणि परिणाम अनिश्चित असल्याचं लेखापरीक्षण न्यायालयाने म्हटलं, ते याच पार्श्वभूमीवर. खत थोडं काटकसरीने वापरून जेवढं मिळायचं तेवढं मिळालं. यापुढची उतरण शेतीची पद्धत बदलल्याशिवाय होणार नाही.

ती पद्धत कल्पनेतली नाही. सँ-ब्रियो ज्यात येतं त्याच कोत-दार्मोर जिल्ह्यातल्या आंद्रे पोशों या शेतकऱ्याने रायग्रास आणि पांढरा क्लोव्हर मिसळून कुरणं केली, गाईंना गोठ्यात मक्याचा मुरघास आणि सोया पेंड खाऊ घालण्याऐवजी वर्षातले जास्तीत जास्त दिवस चरायला सोडलं, आणि १९८२ मध्ये अशा शेतकऱ्यांची संघटना उभी केली. क्लोव्हर हवेतला नायट्रोजन स्वतः बांधतो, गवत तो लगेच उचलतं, जमीन वर्षभर झाकलेली राहते. मातीतून गळून जाणारं नायट्रेट मक्याच्या तुलनेत खूपच कमी. दूध गाईमागे कमी निघतं, पण पेंड, खत, डिझेल यांचा खर्च त्याहून अधिक घटतो. तरी ही पद्धत पसरली नाही, आणि त्याचं कारण शेतात नव्हतं. १९९२ च्या युरोपीय शेती सुधारणेत मुरघासाच्या मक्याला हेक्टरी अनुदान मिळालं. गवताच्या वाट्याला त्या मानाने फार थोडं आलं. म्हणजे ज्या पिकाखालून नायट्रेट गळतं ते पेरायला सरकारच पैसे देत होतं, आणि गळू न देणाऱ्याला स्वतःच्या खिशावर उभं राहायचं होतं.

आता ब्रिटनीतल्या शेतकऱ्यांची एक मोठी पिढी निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहे आणि येत्या काही वर्षांत बरीच जमीन हात बदलेल. फ्रान्समध्ये शेतजमिनीच्या विक्रीत हस्तक्षेप करून ती आधी विकत घेण्याचा अधिकार असलेली ‘साफेर’ ही संस्था आहे. पाणलोटातली शेतं शेजारच्या मोठ्या डुक्करपालकाकडे गेली तर ती पुन्हा मलमूत्र पसरण्यासाठीचं क्षेत्रफळ बनतील. गाई चारू पाहणाऱ्या नव्या जोडप्याकडे गेली तर यारचं पाणी पाच-दहा वर्षांत बदलू शकेल. १२० चौरस किलोमीटरचं क्षेत्र आहे, ओढे मोजलेले आहेत, शेतं नकाशावर आहेत. दर हेक्टरला कोणत्या पिकासाठी किती पैसे द्यायचे, हे ठरवणारी युरोपीय शेती धोरणाची पुढची फेरी ब्रुसेल्समध्ये आखली जाते आहे, आणि सँ-मिशेलच्या पुळणीवर पुढच्या दशकात किती ट्रॅक्टर लागतील हे तिथेच ठरेल.